गुडघ्यांचं संशोधन

"तुम्ही बाहेरच बसायचं," शालन म्हणाली. "आत पुरुषांना सोडत नाहीत."

"का? पुरुषांना गुडघे नसतात?"

"संशोधन आहे ते. त्याचे नियम असतात." तिने पदर सावरला, मोठी कापडी पिशवी खांद्याला अडकवली आणि बाकावरून उठली. "कोणाशी गप्पा मारत बसू नका. उगाच इकडेतिकडे फिरू नका. मी येईपर्यंत इथून हलू नका."

एवढं बजावून माझी बायको मिरजेतल्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या बोळकंडीतून आत निघून गेली. गुडघे दुखणाऱ्या बाईच्या मानाने चाल चांगली होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण मी आयुष्यभर जिल्हा परिषदेत नोकरी केलेली. समोर दिसतं ते कागदावर येईपर्यंत खरं मानायचं नाही, ही सवय लागलेली.

तेव्हा मी सत्तरीला टेकलो होतो. नोकरी सांभाळून मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायचो आणि गावोगाव एकपात्री कार्यक्रम करायचो. निवृत्त झाल्यावर सदर थांबलं, कार्यक्रम कमी झाले, आणि शालनच्या मागे मागे फिरणं हे माझं पूर्ण वेळचं काम झालं. ती महिनाभर "मिरजेला गुडघ्यांसाठी जायचंय" म्हणत होती. पायाला घोट्याजवळ बारीक सुई लावतात, त्यातून वीज सोडतात, आठवड्यातून एकदा. निम्म्या लोकांना खरी वीज, निम्म्यांना खोटी. कोणाला कुठली ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी म्हणालो, हा प्रयोग आमच्या खात्याने वर्षानुवर्षं सबंध जिल्ह्यावर केलाय. ती हसली नाही.

हसली नाही, यात नवल काही नव्हतं. महाराष्ट्रात मी ज्यांना हसवू शकलो नाही असे लोक फार थोडे, आणि त्यातली मुख्य माझ्या घरात राहत होती.

त्या दिवशी तिची निवड व्हायची होती. आधी तपासणी, त्यात बसली तर संशोधनात नाव. नेहमी सोबत येणारी तिची बहीण गावाला गेलेली, म्हणून मी रिक्षात बसलो. सांगलीहून मिरजेपर्यंत आमचं एकाच विषयावर बोलणं झालं. दिवाळीत सांगलीच्या एका मंडळाने माझ्या सत्तरीचा कार्यक्रम ठेवला होता. बहुधा शेवटचाच.

"पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझ्यासाठी ठेवायला सांगितलीय," मी म्हणालो.

"गुडघ्यांचं बघू."

"खुर्चीवर बसायला गुडघे कशाला लागतात?"

"उठायला लागतात," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

तिचं हे जुनंच. माझ्या कार्यक्रमाला आली तर शेवटच्या रांगेत, कडेला, दाराजवळ. साडी गडद, शोकसभेला नेसतात तशी. आणि माझ्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीच्या ऐन मध्यावर उठून चालती व्हायची. मीही मग त्याचा कार्यक्रमातच उपयोग करून घ्यायला लागलो. ती उठली की मी स्टेजवरून म्हणायचो, "बघा मंडळी, घरचे समीक्षक निघाले!" सगळं सभागृह मागे वळून बघायचं. जोरदार हशा. पुढे पुढे ती यायचीच थांबली. मला त्या हशाची उणीव भासायची.

बाकावर माझ्या शेजारी पटका बांधलेला एक गृहस्थ होता. पलीकडे टोपी मांडीवर ठेवून एक मास्तरछाप माणूस पेंगत होता.

"राम राम," पटकेवाला म्हणाला. "मंडळी आत गेली का?"

"हो. गुडघे."

"आमच्या बी मंडळींचं गुडघंच." तो सरकून जवळ आला. "मी ज्ञानू कोळेकर. जतकडचा. पायाला तार लावून करंट देत्यात म्हणं. म्या म्हनलं, म्या घरी देतो की, मोटारीचा हाय. तर लई बोलली मला."

मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "आमच्या हिचेही गुडघेच. दोन्ही."

"सगळ्या बायकांचं गुडघं एकदमच कसं वो गेलं?" कोळेकर म्हणाले. मग माझ्याकडे निरखून बघायला लागले. "तुम्ही त्ये टीव्हीवर बॅंडवाल्याची गोष्ट सांगायचा, त्येच न्हवं?"

टीव्हीवर मी एकदाच गेलो होतो. पण कलावंताला एक ओळख पुरते.

"सांगा की मग," कोळेकर म्हणाले. "आमी निम्मी ऐकली आन लाईट गेली."

शालनची पहिली सूचना तिथेच मोडली. मी सांगायला लागलो. रखमाजी बॅंडवाला लग्नात सुपारी घेतो. वधूपिता कडक. अट अशी की नवरदेव मांडवात पाऊल टाकेपर्यंत वाजवणं थांबवायचं नाही, थांबलं तर सुपारी परत. आणि नवरदेव काही येत नाही. मुहूर्त टळतो. बॅंडला येणारी गाणी संपतात. तीच पुन्हा वाजवतात. पुन्हा संपतात. मग झेंडावंदनाची घेतात. व्याही उठून सावधान उभे राहतात. तीही संपतात. मग रखमाजी म्हणतो, चला, आरत्या घ्या...

याच जागी शालन उठायची. आणि नेमकं त्याच जागी त्या दिवशी मला उठावं लागलं. सत्तरीच्या पुरुषाला निसर्ग पूर्वसूचना देत नाही. थेट वॉरंट काढतो.

"थांबा, आलोच."

"आता? अवो, नवरदेवाचं काय झालं?"

"निघालाय घरून," असं म्हणून मी बोळकंडीत घुसलो.

पुरुषांच्या मुतारीवर 'काम चालू आहे' अशी पाटी होती. आत कोणाचंही काहीही चालू नव्हतं. मी तसाच पुढे गेलो. टोकाची एक खोली उघडी दिसली. आत तपासणीचं टेबल, एक संगणक, नळ्या, कापडी पडदा, आणि पडद्यामागे एक दार. त्यावर पाटी: 'फक्त रुग्णांसाठी'. मी मनातल्या मनात स्वतःला रुग्ण करून घेतलं आणि आत जाऊन कडी लावली.

सरकारी नजरेने बघता ती जागा राजेशाही होती. उंच कमोड, दोन्ही बाजूंना धरायला पकडी, पंखा, फरशी कोरडी. एवढी चांगली सोय आजाऱ्यांसाठीच का असते, असा लेख मनात जुळवत मी माझं काम उरकलं आणि कडीला हात घातला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. आणि एक आवाज.

"या काकू, इथे पिशवी ठेवा. साडी सोडून हा गाऊन घाला. मागून उघडा ठेवायचा."

माझा हात कडीवरच राहिला.

"कोणी येणार नाही ना?" हा शालनचा आवाज होता.

"कोणी नाही. ही फक्त बायकांची खोली. मी सिस्टर रणभिसे, आणि या डॉक्टर रेवती आवटी. बाकी चिटपाखरू नाही. निर्धास्त राहा."

चिटपाखराने श्वास रोखून धरला. आता बाहेर पडलो असतो, तर एक गाऊन बदलणारी बाई आणि दोन ओरडणाऱ्या बायका माझ्या वाट्याला आल्या असत्या. साडी बदलून होऊ दे, मग खाकरून बाहेर पडू, असं मी ठरवलं. तेवढ्यात रणभिसे सिस्टर म्हणाली, "इथला दिवा चालूच ठेवतात लोक," आणि बाहेरचं बटण खट्टकन वाजलं. मी अंधारात. पंखाही बंद.

"डाव्या कुशीवर व्हा काकू," डॉक्टर म्हणाली. आवाज कोवळा होता. "गुडघे पोटाशी घ्या."

हुश्श. आले गुडघे, असं मला वाटलं.

"आधी थोडं विचारते. मोकळेपणी सांगा. शौचाचं कळतच नाही, का कळतं पण थांबवता येत नाही?"

अंधारात मी उगाचच पकडीला धरलं.

"कळतं," शालन म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "पण पोचेपर्यंत थांबत नाही. आणि खोकलं, जोरात शिंकलं, तर कळायच्या आत थोडं होऊन जातं."

"हसल्यावर?"

"हसल्यावर सगळ्यात जास्त."

"कधीपासून?"

"निरंजन झाल्यापासून. माझा मुलगा. अडला होता, चिमटा लावून काढला. टाके पडले. तिथली बाई म्हणाली, होईल आपोआप बरं. मी वाट बघितली."

"निरंजन आता केवढा आहे?"

"त्याची मुलगी कॉलेजात आहे."

बाहेर कागदावर पेन खरखरलं. मग डॉक्टर म्हणाली, "काकू, बाळंतपणात तिथला स्नायू फाटतो. तुमच्या एकटीचा नाही. मला भेटलेल्या निम्म्या बायका हेच सांगतात. कोणी बोलत नाही म्हणून यावर उपचार शोधले गेले नाहीत, आणि उपचार नाहीत म्हणून कोणी बोलत नाही. घोट्याजवळून एक शीर जाते, ती वरच्या त्याच नसांना मिळते. तिथून वीज दिली तर धरायची ताकद सुधारते का, तेवढंच आम्हाला बघायचंय. कदाचित सुधारणार नाही. हे आधीच सांगते."

"चालेल."

"घरी कोणाला माहीत आहे?"

"बहिणीला. तिचं तेच आहे, म्हणून."

"आणि मिस्टरांना?"

"त्यांना गुडघे सांगितलेत."

"सगळ्याच गुडघे सांगतात," रणभिसे सिस्टर म्हणाली. "बाहेर बाकावर बघा, गुडघ्यांचे मालक बसलेत ओळीने."

"त्यांना मुळीच कळायला नको," शालन म्हणाली. तिचा हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "त्यांना कळलं तर मी इथं परत यायची नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"का? रागावतात?"

"छे. कधी रागावले नाहीत ते."

"मग?"

"विनोद करतील," शालन म्हणाली. "चांगलाच करतील. लोक हसतील."

आत हवा येत नव्हती. वर काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी होती. तिच्यातून एखादं सडपातळ मांजर गेलं असतं. मी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. दुसरं बघण्यासारखं आत काही नव्हतं.

आता बाहेर पडायचं नाही, हे नक्की झालं. मी बाहेर पडलो की तिला कळणार, मला कळलंय. तिला कळलं की ती उठणार, साडी नेसणार, आणि तिचं दुखणं पुन्हा गुडघ्यात जाऊन बसणार. म्हणजे तपासणी संपून ती साडी नेसून बाहेर जाईपर्यंत मी तिथे नव्हतोच. काम सोपं होतं. नसण्याचा सराव मला नोकरीत भरपूर झाला होता.

"आता संशोधनाचा एक प्रश्न," डॉक्टर म्हणाली. "सगळ्यांना विचारतो. यातून बरं वाटलं, तर सगळ्यात आधी काय करायला आवडेल? एकच सांगायचं. कोणी म्हणतं काशीला जाईन, कोणी म्हणतं नातीच्या लग्नात जेवायला बसेन."

शालन इतका वेळ गप्प राहिली, की ती काशीलाच निघाली असावी असं मला वाटलं.

"आमच्या ह्यांचा कार्यक्रम आहे दिवाळीत," ती म्हणाली. "ते मला मधली खुर्ची देतायत. तिच्यावर बसायचंय. शेवटपर्यंत."

"कसला कार्यक्रम?"

"हसवतात ते लोकांना. फार छान हसवतात." हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. "मी सकाळपासून काही न खाता जायची. कडेची खुर्ची धरायची. ओठ चावून बसायची. यमाची, सावकाराची गोष्ट सांगत, तेवढ्यापर्यंत निभायचं. बॅंडवाल्याच्या गोष्टीला नाही निभायचं. आरत्या सुरू झाल्या की मला उठावंच लागायचं. मग ते स्टेजवरून म्हणायचे, समीक्षक निघाले. सगळे वळून माझ्याकडे बघायचे. सांगा, मी चालायचं कसं?"

सिस्टर काहीतरी पुटपुटली. येशूचं नाव त्यात होतं.

"त्या गोष्टीचा शेवट काय होतो ते मला अजून माहीत नाही," शालन म्हणाली. "सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे."

"घरी विचारायचा की," डॉक्टर म्हणाली.

"घरी विचारला तर ते म्हणतील, मग उठून का जातेस? मग काय सांगू?"

संगणक टुणकन वाजला. डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली.

"बरं. आता मुख्य तपासणी. यावरच तुमचं नाव ठरणार. बारीक नळीने कोमट पाणी थोडं थोडं आत सोडणार. तुम्ही धरून ठेवायचं, जमेल तितकं. अगदीच धरवेना, की सांगायचं. लाजायचं नाही. टॉयलेट इथेच आहे, पडद्यामागे, हाताशी. म्हणून तर ही खोली घेतली."

मी अंधारात वळून कमोडकडे बघितलं.

सबंध रुग्णालयात त्या घडीला ज्याला शौचालयाची गरज नव्हती असा एक माणूस होता, आणि तो शौचालयात होता. जिला होती ती बाहेर पाणी धरून निजली होती.

"आवळा काकू... छान... धरा... धरा..."

"होतंय," शालन म्हणाली.

"अजून थोडं घेऊ?"

"घ्या."

घेऊ नका, मी आतून म्हणालो. मनात. कडीवर हात ठेवला, काढला, ठेवला. आत्ता उघडलं तर ती संशोधन सोडणार. नाही उघडलं तर ती दारावर येणार आणि दार बंद. मी आयुष्यभर टाळ्या मिळवल्या त्या एका गोष्टीच्या जोरावर: कुठलं वाक्य कुठल्या क्षणाला टाकायचं ते मला कळायचं. त्या अंधारात मला एकही वाक्य आठवेना आणि एकही क्षण योग्य वाटेना.

"अजून थोडं?"

"घ्या," शालन म्हणाली, पण या वेळी दात दाबून. आणि मग एकदम, "नाही. नाही. काढा. काढा लवकर!"

नळी खाली पडली. टेबल कचकचलं. अनवाणी पावलं फरशीवर धावत आली, आणि दाराची मूठ फिरली. पुन्हा फिरली.

"सिस्टर! आतून बंद आहे!"

"बंद कसं असेल? कोण आहे आत? ए! कोण आहे?" रणभिसे सिस्टरने दारावर थाप मारली. "उघडा आधी!"

दाराच्या पलीकडे, माझ्या तळहाताच्या अंतरावर, शालनचा श्वास ऐकू येत होता. त्या आवाजात एक लहानसं कण्हणं होतं. मी कडी काढली.

हिरव्या गाऊनमधली माझी बायको माझ्यासमोर उभी होती. दोन्ही मुठी पोटावर, घोटे एकमेकांना चिकटलेले, ओठ चावलेला. हेच तोंड तिने शेवटच्या रांगेत इतकी वर्षं केलेलं असणार. स्टेजवरून ते मला नापसंतीचं दिसायचं.

तिने मला पाहिलं. मी भिंतीला पाठ लावून जितका पातळ होता येईल तितका झालो आणि बाहेर सरकलो. ती आत गेली. दार लागलं. कडी लागली. डॉक्टरने धावत जाऊन दिव्याचं बटण दाबलं.

"कोण हो तुम्ही?" सिस्टरने मला बखोटीला धरलं. "बायकांच्या खोलीत! पाटी वाचता येत नाही?"

"मी..." मी म्हणालो, "गुडघ्यांचा मालक."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. ती माझ्या नातीपेक्षा थोडीच मोठी असेल. "काका," ती हळू आवाजात म्हणाली, "केव्हापासून आत होता?"

"काकूंच्या आधीपासून."

आत पाण्याचा आवाज झाला. मग थांबला. आम्ही तिघं दाराकडे तोंड करून उभे राहिलो.

"काकू, पोचलात ना वेळेत?" डॉक्टरने विचारलं.

"पोचले," आतून आवाज आला. "नाव राहिलं का माझं?"

"राहिलं. चांगलं धरलंत. दार बंद होतं तेवढा वेळ जास्तच धरलंत." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "तेवढं मात्र मला मोजता आलं नाही."

मला वाटलं, आता ती बाहेर येईल, पिशवीतून साडी काढेल, आणि संपलं.

"अहो," आतून शालन म्हणाली.

"हां."

"आहात ना?"

"आहे."

"सगळं ऐकलंत?"

"हो."

"मग आता करा एकदाचा विनोद."

मी तोंड उघडलं. सिस्टर माझ्याकडे अशी बघत होती, की केला असता तर मला त्याच टेबलावर निजवलं असतं. पण तिच्या धाकाचा प्रश्न नव्हता. खरोखरच काही नव्हतं. चाळीस वर्षं जिथून सगळं यायचं, तिथे हात घातला तर तळ लागला.

"सुचत नाहीये," मी म्हणालो.

आतून बांगड्या वाजल्या.

"त्या बॅंडवाल्याचं पुढे काय होतं?" तिने विचारलं.

"आत्ता?"

"आत्ता. मी बसलेय तोवर."

ती गोष्ट मी खेडोपाडी, साखर कारखान्यांवर, गणपतीच्या मांडवांत, कुठे कुठे सांगितली होती. रखमाजीचा आवाज वेगळा, वधूपित्याचा वेगळा, क्लॅरिनेटचा सूर तोंडाने काढायचा, ढोल पोटावर वाजवायचा. त्या दिवशी मी ती एका बंद दाराला सांगितली, सपाट आवाजात, मस्टरवरची नावं वाचावीत तशी.

"आरत्या संपतात," मी म्हणालो. "मग मयताची गाणी घेतात. संध्याकाळ होते. जेवणावळ उठते. पाहुणे घरी जातात. नवरी पाटावर झोपते. शेवटी वधूपिता हात जोडतो, रखमाजी, बास कर, सुपारी ठेव, पण बास कर. रखमाजी म्हणतो, अट म्हणजे अट. नवरदेव आल्याशिवाय थांबणार नाही."

"मग?"

"मग वधूपिता चिडून जातो आणि मोठ्या ढोलाला लाथ घालतो. ढोल आडवा होतो. मागे नवरदेव."

मी दाराच्या आणखी जवळ सरकलो.

"तो सकाळपासून तिथेच असतो," मी म्हणालो. "ढोलवाला आलेला नसतो, म्हणून हौसेने जरा वेळ वाजवायला मागे उभा राहिलेला. मग मुहूर्त टळतो. मग सगळे त्याला शोधायला लागतात, शिव्या द्यायला लागतात. आता बाहेर कसं यावं, ते त्याला कळेना. म्हणून वाजवत राहतो."

एवढंच. एरवी इथे मी ढोलामागून डोकं वर काढायचो आणि टाळ्या पडायच्या. सिस्टर हसली नाही. डॉक्टर हसली नाही. ती गोष्ट इतकी वाईट मी कधीच सांगितली नव्हती.

दाराआड काहीतरी फिस्सकन वाजलं. मला वाटलं, रडतेय. पुन्हा वाजलं. मग एक बारीक किंकाळीसारखा सूर निघाला, तो मध्येच अडकला, आणि मग शालन हसायला लागली. खाली पडलेल्या ताटासारखी हसत होती, फिरत, घरंगळत, आता थांबेल म्हणावं तर पुन्हा. मध्येच "ढोलामागे!" म्हणायची आणि पुन्हा सुरू. मी तिच्याशी इतकी वर्षं संसार केला होता. हा आवाज मी ओळखला नसता.

"काकू, बरं वाटतंय ना?" डॉक्टर घाबरून पुढे झाली.

रणभिसे सिस्टरने तिचा हात धरला. "हसू द्या, मॅडम," ती म्हणाली. "योग्य जागी बसल्यात."

शालन बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावर जाऊन डाव्या कुशीवर झाली, गुडघे पोटाशी घेतले.

"राहिलेलं करून घ्या, डॉक्टर," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर बसा."

"कोणाशी गप्पा मारत नाही," मी म्हणालो.

"मारा. पण गुडघ्यांच्याच मारा."

मी बोळकंडीतून परत आलो. बाकावर कोळेकर माझी जागा धरून बसले होते. मास्तर अजून पेंगत होते.

"लई येळ लागला वो," कोळेकर म्हणाले. "बरं हाय न्हवं?"

"काम चालू होतं," मी म्हणालो.

आतून पुन्हा हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ डॉक्टरचा आवाज, "काकू, हसू नका, संगणकावरची रेघ हलतेय!" आणि शालनचा, "हलू दे!"

कोळेकरांनी कान टवकारले. "ह्या तुमच्या मंडळी का?"

"हो."

"गुडघ्यात हसण्यासारखं काय असतंय?"

"नवीन संशोधन आहे," मी म्हणालो.

ते बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. पटका काढून मांडीवर ठेवला, पुन्हा डोक्यावर ठेवला. "आमची बी हसंल का वो?" ते म्हणाले. "पयली लई हसायची. थोरलं पोरगं झालं आन जी गप झाली ती झालीच. म्या म्हनलं, लेकुरवाळी झाली, शानी झाली."

गुडघ्यांच्याच गप्पा मारायच्या, असं ठरलं होतं.

"त्ये ऱ्हाऊ द्या," कोळेकर म्हणाले. "नवरदेवाचं सांगा. आरत्या झाल्या, फुडं?"

"पुढचं इथे नाही सांगत. दिवाळीत सांगलीला या. मंडळींना घेऊन या."

"जागा घावंल का?"

"मी ठेवायला सांगतो. शेवटच्या रांगेत, कडेच्या, दाराजवळच्या."

"कडंच्या?" कोळेकरांना ते लागलं. "आमी लांबनं येणार, आन कडंला बसवता व्हय? मधल्या का न्हाई?"

"मधल्याला उठायला अडचण होते," मी म्हणालो. "गुडघ्यांना कडेचीच बरी."